वाफसा पाहून पेरावे

मृगाचा पहिला पाऊस चांगला ओतून गेला, की दुसऱ्याच दिवशी पाभर जुंपणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? प्रत्येक गावात एखादा असतोच. बी घरात तयार असते, मन उतावीळ असते, शेजाऱ्याच्या आधी आपली पेर व्हावी अशी हौस असते. पण काळ्या रानात पाणी अजून मुरलेले नसते. पाभरीचे फण चिखलाने भरतात, नळे तुंबतात, बैल रुततात, आणि रान असे तुडवले जाते की पुढे ऊन पडल्यावर त्याची दगडासारखी ढेकळे होतात. बी चांगले असते, रानही चांगले असते. चुकतो तो वाफसा.

वाचक बंधुभगिनींनो, आज मात्र शेतीवर लिहायचे नाही. लिहायचे आहे ते प्रार्थनेवर; आणि आपल्याला लाभलेली श्रद्धा दुसऱ्याला कशी सांगावी, केव्हा सांगावी आणि केव्हा सांगू नये, यावर. विषय ख्रिस्ती घरांचा आहे. पण ज्यांच्या शेजारी ख्रिस्ती घर आहे त्यांनीही तो वाचावा. आपल्या खेड्यात बांधाला बांध आणि भिंतीला भिंत लागलेली असते. एका घरची संध्याकाळची प्रार्थना दुसऱ्या घरच्या ओसरीवर ऐकू येते, आणि दुसऱ्या घरच्या हरिपाठाचे टाळ पहिल्या घरात.

ज्याला काही चांगले सापडले त्याला ते सांगावेसे वाटते, हा माणसाचा स्वभावच आहे. एखाद्या वाणाने चांगला उतारा दिला तर आपण गप्प बसतो का? पारावर, बाजारात, एसटीत बसल्या बसल्या आपण ते चार जणांना सांगतो. मग ज्या श्रद्धेने संकटात हात दिला, ती कुणाला सांगावीशी वाटली तर नवल नाही. येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना ते सांगितलेही आहे. अडचण सांगण्यात नाही. अडचण आहे ती वाफसा न पाहता सांगण्यात.

माझी एक चूक

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा विशीतला होतो आणि नुकताच मंडळीच्या तरुण संघात उत्साहाने काम करू लागलो होतो. आमच्या वावराला लागून एका शेजाऱ्यांचा मळा होता. त्या घरच्या कर्त्या पुरुषाला आम्ही सारे आबा म्हणत असू. एका पावसाळ्यात त्यांचा थोरला मुलगा घास कापताना साप चावून गेला. अठरा-एकोणीस वर्षांचे पोर.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. ओसरीवर माणसे खाली मान घालून बसली होती. मी बसलो आणि पाच मिनिटांतच बोलू लागलो. मरण म्हणजे काय, सार्वकालिक जीवन म्हणजे काय, सारे सांगितले. शेवटी तर, त्या वेळी आम्हाला प्रार्थनेला बोलावले असते तर कदाचित, इथपर्यंत माझी मजल गेली. आबांनी मान वर केली, हात जोडले आणि म्हणाले,

"पोरा, आज नुसता बस."

मला बसवेना. मी उठून घरी आलो. पुढे कित्येक महिने आबा बांधावर समोर आले की नुसती मान हलवून पुढे जात. मी जे बोललो ते माझ्या समजुतीप्रमाणे खरे होते. पण मी ते चिखलात पेरले होते, आणि वर एका बापाच्या मनात 'आपल्या हातून राहून गेले' असा काटा रुतवून आलो होतो.

तेव्हापासून हा विषय माझ्या मनात घोळतो आहे. त्याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. ते आपल्या नगर जिल्ह्यातच आहे.

नगरची जुनी पेर

२०२४ साली आपल्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. पण ज्या काळाबद्दल लिहायचे आहे त्या काळी तो अहमदनगर होता, म्हणून येथे 'नगर' म्हणू. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ च्या डिसेंबरात नगरला येऊन राहिले. त्यांनी शाळा काढल्या. सिंथिया फॅरार या अविवाहित अमेरिकन बाई १८३९ साली नगरला आल्या आणि त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुले यांच्या मनात मुलींच्या शिक्षणाचा विचार पक्का झाला, आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात शाळा काढली. १८४२ साली नगरलाच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले.

पण आजच्या विषयाला उपयोगी पडते ती एका नवरा-बायकोची हकीकत. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. टिळक म्हणजे 'केवढे हे क्रौर्य' आणि 'वनवासी फूल' लिहिणारे कवी. लक्ष्मीबाई म्हणजे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिणाऱ्या. या घराचा संसार पुष्कळ वर्षे नगर आणि राहुरी येथे झाला.

आगगाडीतला अनोळखी प्रवासी

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणाचे. संस्कृतचा व्यासंग मोठा, स्वभाव तापट आणि मन सदा अस्वस्थ. देशाचे भले कशाने होईल, जातिभेद कशाने मोडेल, याचा ध्यास त्यांना लागलेला. १८९३ साली ते नागपुराहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होता. त्या काळी गोरा माणूस डब्यात असला की आपल्या माणसाला अंग चोरून बसावे लागे. पण या गृहस्थाने टिळकांना आदराने जागा दिली आणि बोलणे काढले. ते कशाविषयी? संस्कृत काव्याविषयी.

वाचकहो, येथे थोडे थांबा. त्या माणसाने पहिले वाक्य आपल्या धर्माचे बोलले नाही. समोरच्याला कशाची आवड आहे, त्याच्याजवळ काय मोलाचे आहे, ते त्याने आधी पाहिले आणि त्याचा मान राखला. मग बोलता बोलता धर्माचा विषय निघाला. टिळकांचे स्वतःचे विचार त्याने ऐकून घेतले. निघताना त्याने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हातात दिली आणि ती वाचण्याची विनंती केली. हा तरुण दोन वर्षांत ख्रिस्ती होईल, असेही तो बोलला म्हणतात. टिळकांना ते हसण्यासारखे वाटले. पण शब्द दिला होता म्हणून ते वाचू लागले.

पहिली पाने त्यांना विशेष रुचली नाहीत. मग मत्तयाच्या शुभवर्तमानातले डोंगरावरील प्रवचन आले आणि त्यांना पुस्तक खाली ठेववेना. वैऱ्यावरही प्रीती करा, दान उजव्या हाताने केले तर डाव्याला कळू देऊ नका, प्रार्थना करायची तर दार लावून करा, अशी ती शिकवण. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

तो प्रवासी कोण होता हे टिळकांना पुढे कधीच कळले नाही. त्याने पत्ता मागितला नाही, पाठपुरावा केला नाही, दुसऱ्या दिवशी दारात येऊन उभा राहिला नाही. बी टाकले आणि तो आपल्या वाटेने गेला. शुभवर्तमानातच एक दाखला आहे: शेतकरी बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि बी कसे रुजते ते त्याला कळतही नाही. पेरलेले बी रोज उकरून पाहणाऱ्याच्या शेतात काही उगवत नाही.

घरातली परीक्षा

एवढे सगळे टिळकांच्या बाबतीत छान झाले. पण त्यांच्या घरात काय झाले? ही बाजू आपण सोडून देता कामा नये. कारण खरी परीक्षा घरात असते.

लक्ष्मीबाईंचे लग्न १८८० साली झाले, तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. नाशिकजवळच्या जलालपूरच्या त्या माहेरवाशीण. घरात सोवळे अतिशय कडक. नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी येऊन थडकली तेव्हा त्यांचे जग कोसळले. पदरी लहान मुलगा. बाहेरच्या जगाशी इतक्या मोकळेपणाने बोलणारे टिळक आपल्या बायकोला मात्र या निर्णयात बरोबर घेऊ शकले नव्हते. त्या दुःखाचे वर्णन लक्ष्मीबाईंनी पुढे 'स्मृतिचित्रे'त केले आहे, आणि त्यात नवऱ्याला पाठीशी घातलेले नाही.

चार-पाच वर्षे दोघे वेगळे राहिले. लक्ष्मीबाई नातलगांच्या आधाराने राहिल्या. टिळक पत्रे लिहीत राहिले, भेटत राहिले. शेवटी त्या नगरला नवऱ्याकडे आल्या, त्या आपल्या अटींवर. चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे-ओवळे कायम. टिळकांनी ते मान्य केले. ख्रिस्ती पाठशाळेत शिकवणाऱ्या माणसाच्या घरात ब्राह्मणी सोवळ्याची चूल! लोक काय म्हणत असतील याची कल्पना करा. दोन्हीकडचे हसत असतील. पण टिळकांनी बायकोच्या चुलीला हात लावला नाही.

पुढे बदल झाला तो राहुरीच्या मुक्कामात, आणि तो कुणाच्या प्रवचनाने झाला नाही. लक्ष्मीबाई आपल्या आपण विचार करू लागल्या. जात देवाने केली की माणसाने? गाय वेगळी, घोडा वेगळा, हे डोळ्यांना दिसते. माणसामाणसांत तसा भेद कुठे दिसतो? विचार करता करता त्यांच्या मनाची गाठ सुटली, आणि यापुढे कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, असा त्यांनी निश्चय केला. नवऱ्याला ते त्यांनी आपणहून सांगितले. त्यानंतर १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, तोही त्यांच्या स्वतःच्या मनाने.

टिळक तापट होते. त्यांना घाई करता आली असती. त्या काळी नवरा म्हणून हुकूम सोडता आला असता. त्यांनी ते केले असते तर लक्ष्मीबाई कदाचित नुसत्या नावाच्या ख्रिस्ती झाल्या असत्या, आणि मराठीला 'स्मृतिचित्रे' मिळाले नसते. घरातल्या माणसासाठी रोज प्रार्थना करणे आणि त्याच्या चुलीला हात न लावणे, ही दोन्ही कामे एकदम करावी लागतात. दुसरे पहिल्यापेक्षा अवघड आहे.

आपल्या भाषेत, आपल्या चालीत

टिळकांची आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ते ख्रिस्ती झाले म्हणून त्यांनी आपले मराठीपण टाकले नाही. संत तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असे ते सांगत. ज्या वाटेने आलो त्या वाटेला त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले, 'अभंगांजली' लिहिली, भजने लिहिली. त्यांच्या आधी नगरच्याच कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा रुजवली होती. इंग्रजी चालीच्या गीतांनी जे साधत नव्हते ते टाळ, चिपळ्या आणि झांजांनी साधले. टिळकांची कितीतरी गीते आजही मराठी ख्रिस्ती मंडळ्या 'उपासना संगीता'तून म्हणतात.

आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्या बंधुसमाजात जागा होती. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्याला परके वाटू नये, आणि त्याने आपल्या माणसांना परके होऊ नये, हा त्यातला हेतू. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले, त्यामुळे ते काम फार वाढले नाही. पण विचार राहिला. ज्याची भाषा, ज्याचे संत, ज्याची आई आपण तुच्छ लेखतो, त्याला आपण कितीही गोड बातमी सांगितली तरी ती त्याच्या कानात कडूच जाते.

भाकरी आणि तराजू

आता एक अवघड गोष्ट. एकोणिसावे शतक संपता संपता आपल्या भागावर लागोपाठ दुष्काळ आले, प्लेगही आला. १८९९-१९०० चा दुष्काळ तर जुन्या माणसांच्या तोंडी 'छप्पनचा' म्हणून राहिला. नगरचे डॉ. रॉबर्ट ह्यूम यांनी त्या काळात दुष्काळी कामांत फार मेहनत घेतली. १९०१ साली सरकारने त्यांना कैसर-ई-हिंद पदक दिले. टिळक दांपत्यानेही पोरकी मुले घरी आणून सांभाळली.

दुष्काळात आणि त्यानंतर कितीतरी गरीब घरे मंडळीत आली. तेव्हापासून 'भाकरीसाठी बाटले' हा टोमणा नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती माणसाच्या मागे लागला. तो टोमणा अन्यायाचा आहे. ज्या समाजांना गावाने विहिरीवर पाणी भरू दिले नाही आणि देवळाची पायरी चढू दिली नाही, त्यांना केवळ भाकरीच हवी होती असे म्हणणे म्हणजे त्यांना मन होते हेच नाकारणे. त्यांना पाटी-पेन्सिल हवी होती, आणि माणूस म्हणून घेतलेली हाक हवी होती.

पण या टोमण्यापासून आपण एक धडा घेतला पाहिजे. देणाऱ्याने भाकरी आणि श्रद्धा एका तराजूत कधीही घालू नये. औषध द्यायचे तर औषध म्हणून द्या. शाळेची फी भरायची तर मूल शिकावे म्हणून भरा. त्या बदल्यात रविवारी उपासनेला यावे अशी अपेक्षा, बोलून दाखवली नाही तरी, मनात ठेवू नका. घेणाऱ्याला ती डोळ्यांत दिसते. शेतमालकाने मजुरावर, सावकाराने कुळावर, मास्तरांनी मुलांवर आपली श्रद्धा घालू नये. ज्याला 'नाही' म्हणण्याची सोय नाही, त्याच्या 'हो'ला किंमत नाही.

आपल्या राज्यघटनेचेही असेच म्हणणे आहे. घटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आणि आपला धर्म पाळण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रसाराचा हक्क म्हणजे आपली मते समजावून सांगण्याचा हक्क. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. कायदा बाजूला ठेवला तरी येशूची रीत हीच आहे. एक श्रीमंत तरुण त्याचे ऐकून खिन्न होऊन निघून गेला, तेव्हा येशूने त्याला जाऊ दिले. मागे धावून त्याने अट सैल केली नाही, की त्याला धाक घातला नाही.

तुरुंगातून मागितलेली प्रार्थना

आता प्रार्थनेकडे वळू; कारण पेरणीच्या आधीची मशागत तीच आहे. प्रेषित पौलाने कलस्सै येथील मंडळीला पत्र लिहिले तेव्हा तो बंदिवासात होता. पत्राच्या शेवटी तो प्रार्थना मागतो. बंदिवान माणूस काय मागेल? तुरुंगाचे दार उघडावे. पौल दुसरेच दार मागतो: आपल्याला ख्रिस्ताविषयी बोलण्यासाठी दार उघडावे, आणि ते कसे बोलावे हे आपल्याला कळावे. एवढा मोठा प्रेषित, आणि त्यालाही कसे बोलावे यासाठी प्रार्थना लागते. मग माझ्यासारख्या विशीतल्या पोराने त्या ओसरीवर जाण्याआधी ती करायला नको होती काय?

पुढे पौल सांगतो की, मंडळीबाहेरच्या माणसांशी शहाणपणाने वागा, आणि बोलण्याला मिठाची चव असू द्या. मीठ किती असावे हे आमच्या माताभगिनींना सांगायला नको. मुळीच नसले तर कालवण अळणी, मूठभर पडले तर ताट बाजूला सारावे लागते. पेत्रही आपल्या पहिल्या पत्रात म्हणतो की, तुमच्या आशेचे कारण कुणी विचारले तर उत्तर द्यायला तयार असा. पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. कुणी विचारले तर! म्हणजे विचारावेसे वाटेल असे आपले जगणे आधी हवे.

पौलाने दार म्हटले, आपण वाफसा म्हणू. तो कुठून येतो? पाऊस आपल्या हातात नाही. तो देवाने पाडायचा. आपल्या हाती आहे ती नांगरट, आणि वाट पाहणे. शेजाऱ्याचे नाव घेऊन रोज प्रार्थना करणाऱ्या माणसाला एक लाभ होतो: त्याचे स्वतःचेच मन नांगरले जाते. ज्याच्यासाठी आपण महिनाभर मनापासून प्रार्थना केली, त्याच्याशी आपण उर्मटपणे बोलू शकत नाही. त्याच्या अडचणी आपल्याला दिसू लागतात, आणि मग कधी बोलावे हेही कळू लागते.

आपल्या घरी, आपल्या गावात

एवढे वाचल्यावर कुणी म्हणेल, ठीक आहे, पण आम्ही नेमके करावे काय? माझ्या अल्प अनुभवातून चार गोष्टी सांगतो.

घरची प्रार्थना साधी आणि थोडकी असावी. दिवेलागणीला सारे एकत्र बसावे, लहान मुलानेही एक वाक्य बोलावे. प्रार्थना शेजाऱ्याला ऐकू जावी म्हणून मोठ्याने करू नये. पुरुषांना बोल लावायचा म्हणून बायकांनी, किंवा सुनेला ऐकवायचे म्हणून सासूने, ती देवाच्या नावावर करू नये. ती मग प्रार्थना राहत नाही, भांडण होते. प्रार्थनेत माणसांची नावे घ्यावीत, आणि ज्याच्याशी बांधाचा वाद चालू आहे त्याचे नाव आधी घ्यावे.

आजाऱ्याकडे गेलात तर आधी विचारा: "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" हो म्हटले तर दोन-चार वाक्यांत करा, प्रार्थनेच्या आडून प्रवचन देऊ नका. नको म्हटले तर मनाला लावून न घेता घरी या आणि दार लावून करा. देवाला दोन्हीकडचे सारखेच ऐकू येते. 'तुमच्या देवाने काय केले?' हा प्रश्न जिभेवरही येऊ देऊ नका. आणि औषध कधीही सोडायला सांगू नका. साप चावला तर माणसाला झोपवून ठेवा, हालचाल करू देऊ नका, १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवा आणि दवाखाना गाठा; सापाच्या विषावरची लस तिथेच मिळते. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते. प्रार्थनेपायी उशीर झाला, असे कुणाच्याही दारात घडू नये.

सणावारी शेजारी प्रसाद आणून देतात, जेवायला बोलावतात. या बाबतीत ख्रिस्ती माणसांची मते एकसारखी नाहीत. पौलाच्या काळातही नव्हती. ज्याने त्याने आपल्या विवेकाला स्मरून वागावे. पण घ्यायचे नसले तर हात जोडून, हसून, दोन गोड शब्दांत नाही म्हणावे. दारात आलेल्या ताटावर व्याख्यान देऊ नये. ते ताट घेऊन आलेली काकू तुमच्याशी वाद घालायला आलेली नसते.

दुसऱ्याच्या लहान मुलांना आईबापांच्या पाठीमागे काही शिकवू नये. आपल्या मुलांना कुणी तसे केले तर आपल्याला कसे वाटेल? आणि कुणी आपणहून विचारले, तर मात्र लाजू नये, लपवू नये. आपल्याला काय मिळाले ते सरळ सांगावे. माहीत नाही ते माहीत नाही म्हणावे. तयार केलेल्या भाषणापेक्षा एक खरे वाक्य लांब जाते.

आईने कापलेला घास

आता ती अर्धी राहिलेली गोष्ट पुरी करतो. मी आबांच्या ओसरीवरून मान खाली घालून आलो, तेव्हा आई चुलीपाशी होती. मी घडलेले सांगितले. ती रागावली नाही. तिने फक्त विचारले, "त्यांच्या जनावरांचं कोण बघतंय?"

मला ते सुचलेही नव्हते. सुतकाच्या घरी भावकीतून भाकरी येत होती. आमच्या घरची भाकरी तिथे चालणार नाही हे आई जाणून होती. तिने ती नेली नाही आणि त्याबद्दल बोललीही नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे ती विळा घेऊन आबांच्या मळ्यात गेली. ज्या घासात पोर गेले होते त्यात पाय ठेवायला त्या घरचे कुणी धजत नव्हते. आईने काठीने घास झोडपत, पाहत पाहत कापला, भारा बांधला आणि गोठ्यात नेऊन टाकला. दहा दिवस. गोठ्यातून ती तशीच परत येई. एक शब्द नाही. दिवेलागणीला आमच्या घरच्या प्रार्थनेत मात्र ती त्या घरातल्या प्रत्येकाचे नाव घेई. गोठ्यातल्या म्हशी उपाशी राहू नयेत, हेही तिच्या प्रार्थनेत असे.

वर्ष गेले. एकदा सांजेला आबांच्या घरच्या आई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाई, तुम्ही रोज डोळे मिटून काय म्हणता?"

मी आत होतो. माझ्या जिभेवर दहा उत्तरे आली. पण मला आबांचे चार शब्द आठवले आणि मी नुसता बसलो. आईने तीनच वाक्यांत सांगितले. येशूने आम्हाला देवाला बाप म्हणायला शिकवले. म्हणून आम्ही दिवसाचे सगळे त्याला सांगतो. तुमच्या लेकराचेही नाव त्यात असते. त्या माऊलीने पदराने डोळे पुसले, आणि दोघी कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या.

पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. ते घर आपल्याच वाटेने राहिले. आबांनी आयुष्यभर पंढरीची वारी केली. पण थोरल्या नातीचे लग्न ठरेना तेव्हा, विहिरीला पाणी लागेना तेव्हा, त्या घरातून निरोप येई: "सांजेच्याला आमचं नाव घ्या." आई गेली तेव्हा खांदा द्यायला आबा म्हातारपणी काठी टेकत आले. त्या दिवशी ते माझ्या शेजारी बराच वेळ नुसते बसले होते.